कॅटायन मेम्ब्रेनमधून सोडियम, कॅल्शियम, लोह : जास्त प्रभाराचा आयन आत आधी शिरतो, मग पुढे रखडतो का?

खाजनकाठ :
डोनन डायलिसिसवरचे (फक्त धन आयन जाऊ देणाऱ्या कॅटायन मेम्ब्रेनच्या दोन बाजूंना वेगळी द्रावणं ठेवून आयनांची अदलाबदल करण्याची पद्धत) विद्यार्थ्यांचे अहवाल वाचले की दोन वाक्यं हमखास सापडतात. एक, "कॅल्शियमवर दोन प्रभार असल्याने तो मेम्ब्रेनमध्ये जास्त ओढला जातो." दुसरं, "कॅल्शियमवर दोन प्रभार असल्याने तो मेम्ब्रेनमधून सावकाश जातो." दोन्ही खरी आहेत. मात्र कुठल्या परिस्थितीत कुठलं वरचढ ठरतं हे कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

बोलायला सोपं जावं म्हणून एक ठरावीक मांडणी धरू. दोन कप्प्यांचा सेल, प्रत्येकी २०० मि.लि., मधली खिडकी ४ सें.मी. व्यासाची, म्हणजे १२.५७ चौ.सें.मी. मेम्ब्रेन ऋण प्रभाराच्या सल्फोनिक गटांचं, जाडी १५० मायक्रॉन. फीड (ज्यातून कॅल्शियम काढायचा ते द्रावण) म्हणून गोव्यातल्या दिवाडी-चोडणकडच्या खाजनाला (बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल जमिनीला) लागून असलेल्या मचूळ विहिरीसारखं पाणी, पण प्रयोगशाळेत बनवलेलं : सोडियम ५ मिलिमोलर, कॅल्शियम २.५ मिलिमोलर, सगळे क्लोराइड. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात हा २५० मि.ग्रॅ. प्रति लिटर कठीणपणा झाला. पलीकडे स्ट्रिप (कॅल्शियम ओढून घेणारं द्रावण) म्हणून ०.५ मोलर मीठ.

तीन गोष्टींवर चर्चा हवी आहे. वेग नेमका कुठे अडतो, स्ट्रिप किती तीव्र ठेवावी, आणि लोहासारखे तीन प्रभारांचे आयन घ्यायचे झाले तर काय बदलतं.

समतोल :
सुरुवात आत शिरण्यापासून करू. फ्रेडरिक डोनन यांनी १९११ मध्ये मांडलेला नियम इथे पुरतो. मेम्ब्रेनच्या साखळ्यांना ऋण प्रभार कायमचे चिकटलेले असतात. ते हलत नाहीत, त्यामुळे तेवढेच धन आयन आत असावेच लागतात. आतल्या आणि बाहेरच्या संहतीचं गुणोत्तर सोडियमसाठी 'र' असेल, तर कॅल्शियमसाठी ते र चा वर्ग आणि तीन प्रभारांच्या आयनासाठी र चा घन होतं.

आता आकडे घाला. आतल्या पाण्याच्या हिशेबात स्थिर प्रभार २ मोलर धरा. वर दिलेल्या फीडशी समतोल झाला की र येतो साधारण १९.५. आत सोडियम ०.१ मोलरच्या जरा खाली आणि कॅल्शियम ०.९५ मोलर. बाहेर दोघांचा वाटा प्रभाराच्या हिशेबात निम्मा-निम्मा होता, आत मात्र ९५ टक्के जागा कॅल्शियमने बळकावल्या.

तेच फीड शंभरपट तीव्र करा, म्हणजे सोडियम ०.५ आणि कॅल्शियम ०.२५ मोलर. आत घुसणारा क्लोराइडही हिशेबात धरला तर कॅल्शियमचा वाटा ६४ टक्क्यांच्या आसपास येतो. मेम्ब्रेन तेच, आयन तेच, प्रमाणही तेच. फक्त पाणी कमी झालं आणि कॅल्शियमची ओढ एवढी घटली. "हे मेम्ब्रेन कॅल्शियमला प्राधान्य देतं" हे वाक्य संहती लिहिल्याशिवाय अपुरं आहे.

(हे आदर्श द्रावणाचं गणित आहे. ॲक्टिव्हिटी गुणांक धरले नाहीत आणि सल्फोनेट-कॅल्शियममधली खास जवळीकही धरली नाही. दिशा बदलत नाही, आकडे थोडे हलतात.)

फोंडा_लॅब :
आता पुढे सरकण्याबद्दल. २५ °से.ला अतिविरल पाण्यातले विसरण गुणांक (आयन किती वेगाने पसरतो याचं माप), १०⁻⁹ चौ.मी. प्रति सेकंद या एककात :

हायड्रोजन ९.३१
पोटॅशियम १.९६
सोडियम १.३३
कॅल्शियम ०.७९
मॅग्नेशियम ०.७१
फेरिक लोह ०.६०
क्लोराइड २.०३
नायट्रेट १.९०
सल्फेट १.०७

पाण्यात सोडियम आणि कॅल्शियममध्ये फरक दुपटीचाही नाही. मेम्ब्रेनमध्ये तो खूप वाढतो. तिथे दोन अडथळे आहेत. पहिला वाटेचा : पॉलिमरने जागा अडवलेली, पाण्याच्या वाटा अरुंद आणि वळणाच्या. हा सगळ्यांनाच लागू. दुसरा प्रभाराचा : प्रत्येक सल्फोनेट गट येणाऱ्या धन आयनाला धरून ठेवतो, आणि दोन प्रभारांच्या आयनाला एका वेळी दोन गटांपासून सुटावं लागतं. त्यात त्याच्याभोवतीचं पाण्याचं कवच मोठं आणि घट्ट. म्हणून सोडियम पाण्यापेक्षा साधारण दहापट मंदावत असेल तर कॅल्शियम त्याहून कितीतरी जास्त मंदावतो, आणि तीन प्रभारांचा तर काही मेम्ब्रेनमध्ये जवळजवळ बसकण मारतो.

ज्या आकर्षणाने तो आत आला तेच त्याला पुढे जाऊ देत नाही. वाहून जाण्याचा वेग ठरतो तो आतली संहती आणि आतला विसरण गुणांक यांच्या गुणाकारावर. अहवालात या दोहोंपैकी एकच लिहिलं की घोळ होतो.

साखळी_विज्ञान :
एक मुद्दा इथेच स्पष्ट व्हावा. कॅल्शियम पलीकडे जाताना सोडियम अलीकडे येतो, तो प्रमाण राखूनच ना? एक कॅल्शियम गेला की दोन सोडियम आलेच पाहिजेत?

समतोल :
हो. क्लोराइड गळत नाही असं धरलं तर विद्युत प्रवाह शून्य राहायला तेवढंच व्हावं लागतं. म्हणून सगळे हिशेब मोलमध्ये न करता इक्विव्हॅलेंटमध्ये (मोल गुणिले प्रभार) करा, चुका आपोआप कमी होतात.

याचा आणखी एक परिणाम आहे, तो पुष्कळदा सुटतो. दोन आयन एकमेकांच्या जागा घेत असताना त्यांचे वेग सुटे राहत नाहीत. जलद आयन पुढे निघाला की लगेच एक छोटं विद्युत क्षेत्र तयार होतं, ते त्याला मागे खेचतं आणि मंद आयनाला पुढे ढकलतं. विसरण आणि विद्युत क्षेत्र दोन्ही धरणाऱ्या नेर्न्स्ट-प्लांक समीकरणातून संयुक्त विसरण गुणांक काढला तर दिसतं की मेम्ब्रेनमध्ये जो आयन अल्पसंख्य असतो त्याचाच गुणांक चालतो. मेम्ब्रेन बहुतांशी सोडियमने भरलेलं आणि त्यात थोडा कॅल्शियम असेल तर कॅल्शियमचा मंद वेग लागू. उलट कॅल्शियमने भरलेलं आणि थोडा सोडियम असेल तर सोडियमचा.

व्यवहारात याचा अर्थ असा की कॅल्शियम रूपातलं मेम्ब्रेन परत सोडियम रूपात आणताना सुरुवात झटपट होते आणि शेवटचा कॅल्शियम निघता निघत नाही. एकदा मिठात बुडवून काढलं म्हणजे झालं, असं होत नाही.

वेर्णा_प्रोसेस :
खाजनकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : तुमच्या मांडणीत वेग मेम्ब्रेनमध्ये अडत नाही, त्याच्या पृष्ठभागाला चिकटून असलेल्या न हलणाऱ्या पाण्याच्या थरात अडतो.

ताडून पाहायला एक गुणोत्तर काढा. वर : स्थिर प्रभार × मेम्ब्रेनमधला विसरण गुणांक × थराची जाडी. खाली : बाहेरची संहती इक्विव्हॅलेंटमध्ये × पाण्यातला विसरण गुणांक × मेम्ब्रेनची जाडी. कॅल्शियमचा मेम्ब्रेनमधला गुणांक २×१०⁻¹¹ चौ.मी. प्रति सेकंद आणि थर १०० मायक्रॉन धरला, तर फीडमधल्या ०.००५ नॉर्मल (लिटरमागे इक्विव्हॅलेंट) कॅल्शियमसाठी गुणोत्तर येतं जवळपास ७. एकापेक्षा बरंच जास्त, म्हणजे ताबा थराकडे. ०.५ नॉर्मल घेतलं तर ०.०७, म्हणजे ताबा मेम्ब्रेनकडे.

थराचा ताबा असेल तर अपेक्षित फ्लक्स (दर चौ.मी.मधून सेकंदाला जाणारे मोल) सरळ निघतो : २.५ मोल प्रति घनमीटर × ०.७९×१०⁻⁹ भागिले १०⁻⁴ मीटर, म्हणजे २×१०⁻⁵ मोल प्रति चौ.मी. प्रति सेकंद. तासाला चौरस मीटरमागे ७० मिलिमोलच्या किंचित वर. तुमच्या खिडकीतून तासाला ०.०९ मिलिमोल, म्हणजे २०० मि.लि. फीडची संहती सुरुवातीला तासाला ०.४५ मिलिमोलरने उतरायला हवी. याच्या दुप्पट-तिप्पट आलं तर ढवळणं चांगलं आहे आणि थर पातळ झाला आहे. दहापट आलं तर मेम्ब्रेनला भोक आहे का ते आधी बघा.

खात्रीची चाचणी सोपी आहे. स्टररचा वेग ३०० वरून ६०० फेऱ्यांवर न्या. संहती उतरण्याचा वेग (उतार) बदलला तर ताबा थराकडे, नाही बदलला तर मेम्ब्रेनकडे. दोन्ही कप्पे ढवळायचे, आणि कांडी मेम्ब्रेनपासून दर वेळी तेवढ्याच अंतरावर ठेवायची. मे महिन्यात खोलीत ३२ °से. असताना घेतलेले आकडे पंख्याखाली २७ °से.ला घेतलेल्या आकड्यांशी तसेच ताडू नका. पाण्यातलं विसरण अंशामागे साधारण २ टक्के वाढतं. सेल पाण्याच्या टबात ठेवला तरी पुरे.

बार्देशी :
म्हणजे विरल पाण्यात महागडं पातळ मेम्ब्रेन आणून काही उपयोग नाही?

वेर्णा_प्रोसेस :
वेगासाठी नाही. पैसा ढवळण्यावर आणि जाळीच्या स्पेसरवर घाला. शिवाय पातळ मेम्ब्रेनने क्लोराइडची गळती वाढते, तो तोटाच.

समतोल :
गळतीवरून स्ट्रिपच्या तीव्रतेकडे येतो, कारण ०.५ मोलर ही माझ्या मते या पाण्यासाठी चुकीची निवड आहे.

स्ट्रिपमधला क्लोराइड मेम्ब्रेनमध्ये किती शिरतो ते डोननवरूनच निघतं. स्थिर प्रभार २ मोलर असताना बाहेर ०.१ मोलर मीठ असेल तर आत क्लोराइड ०.००५ मोलर. बाहेर ०.२ असेल तर ०.०२०. बाहेर ०.५ असेल तर ०.११८. बाहेर १ मोलर असेल तर ०.४१४. बाहेरची तीव्रता दहापट वाढली आणि आतला क्लोराइड ऐंशीपटीहून जास्त वाढला. प्रत्यक्षातलं मेम्ब्रेन एकजिनसी नसतं, त्यामुळे विरल बाजूला खरी गळती या आकड्यांपेक्षा जास्त असते, पण कल हाच.

०.५ वरून ०.२ वर उतरलात तर आतला क्लोराइड सहापट कमी होतो. आणि गमावता काय? सुरुवातीला स्ट्रिप आणि फीडमधल्या सोडियमचं गुणोत्तर १०० ऐवजी ४०. कॅल्शियमसाठी वर्ग, म्हणजे १०,००० ऐवजी १,६००. सगळा कॅल्शियम गेल्यावर फीडमध्ये सोडियम १० मिलिमोलर झालेला असेल आणि स्ट्रिपमध्ये १९५. गुणोत्तर १९.५, वर्ग ३८०. स्ट्रिपमध्ये २.५ मिलिमोलर कॅल्शियम असताना फीडमध्ये समतोलाला उरेल ०.००६६ मिलिमोलर, म्हणजे १ मि.ग्रॅ. प्रति लिटरहूनही कमी कठीणपणा. याहून खाली जाऊन कुणाला काय करायचं आहे? आणि वेग तर थर ठरवतोय, स्ट्रिप नाही. तेव्हा ०.२ मोलर घ्या.

कॅल्शियम इथे स्वतःच्या उताराविरुद्ध चढतो आहे, स्ट्रिपमध्ये तो जास्त आणि फीडमध्ये कमी असताना. त्याला चढवणारी ऊर्जा सोडियमच्या उतरण्यातून येते. विद्युत जोडणी नाही, पंपाचा दाबही नाही.

खाजनकाठ :
०.२ मोलरचं पटलं. आता मेम्ब्रेन तयार करण्याची पद्धत आणि मोजणी कुणीतरी सविस्तर लिहा. घोटाळे तिथेच जास्त होतात.

फोंडा_लॅब :
तयारी : मेम्ब्रेन कापण्याआधी भिजवा, कापून भिजवलं तर फुगून गॅस्केटमध्ये सुरकुत्या पडतात. पॉलिस्टायरिन जातीच्या मेम्ब्रेनसाठी ५ टक्के मिठाचं पाणी, ४० °से., रात्रभर. नॅफिऑन या फ्लोरिनयुक्त पॉलिमरच्या मेम्ब्रेनसाठी वेगळी पद्धत : ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तासभर उकळ, मग शुद्ध पाण्यात, मग ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात तासभर, परत पाण्यात. या दोन पद्धतींची अदलाबदल करू नका, पॉलिस्टायरिनवाल्याला उकळतं पेरॉक्साइड मानवत नाही. यानंतर १ मोलर मिठात २४ तास, द्रावण तीन-चारदा बदलून. आधी कॅल्शियम किंवा लोहासाठी वापरलेलं असेल तर आणखी दोनदा बदला आणि शेवटच्या धुवणात इडीटीएने (कॅल्शियमला धरणारं टायट्रेशनचं रसायन) कॅल्शियम तपासा. शेवटी शुद्ध पाण्याने फक्त खंगाळा. पाण्यात तासन्‌तास ठेवू नका.

बसवणं : खिडकीवर बुडबुडा अडकला तर क्षेत्रफळ कमी होतं आणि आकडा खोटा पडतो. द्रावणं आधी कोमट करून हवा काढा, सेल तिरका धरून भरा. दोन्ही कप्प्यांत पातळी एकाच उंचीला.

भोक तपासणी : फीडमध्ये मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाका. हा रंग ऋण आयन आहे, चांगल्या कॅटायन मेम्ब्रेनमधून तो पलीकडे दिसता कामा नये. अर्ध्या तासात स्ट्रिप पिवळी झाली तर गॅस्केट किंवा मेम्ब्रेन गेलं. चुकूनही मिथिलीन ब्लू वापरू नका. तो धन आयन आहे, मेम्ब्रेन निळंशार होतं आणि तो रंग परत निघत नाही.

नमुने : पहिली दहा मिनिटं सोडून द्या. मेम्ब्रेन भरायला वेळ लागतो, जाडीचा वर्ग भागिले सहापट विसरण गुणांक हा हिशेब लावला तर आपल्या आकड्यांनी तीनेक मिनिटं येतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेम्ब्रेन स्वतःच कॅल्शियम धरून बसतं. खिडकीएवढ्या तुकड्याचं कोरडं वजन सुमारे ०.१७ ग्रॅम. क्षमता ग्रॅमला १.६ मिलि-इक्विव्हॅलेंट असेल तर तो जास्तीत जास्त ०.२७ मिलि-इक्विव्हॅलेंट गिळू शकतो. फीडमध्ये सगळा मिळून कॅल्शियम आहे १ मिलि-इक्विव्हॅलेंट! गॅस्केटखाली दाबलेली कड वेगळीच. म्हणून फीडमधून गेलेला आणि स्ट्रिपमध्ये आलेला कॅल्शियम जुळत नाही, आणि विद्यार्थी ब्युरेटला दोष देत बसतात. दोन्ही बाजू मोजा. फरक राहिला तर मेम्ब्रेन काढून १ मोलर आम्लात भिजवा आणि त्यातला कॅल्शियम मोजा, हिशेब लागतो.

इडीटीए : ५ मि.लि. नमुना, पीएच १० चा अमोनिया बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी. नमुन्यात नुसता कॅल्शियम असेल तर रंग लाल-जांभळ्यातच रेंगाळतो, अंतिम बिंदू नीट दिसत नाही. बफरमध्ये थोडं मॅग्नेशियम-इडीटीए घातलं की निळा स्वच्छ उतरतो. फीडला ०.०१ मोलर इडीटीए चालेल. सुरुवातीच्या स्ट्रिपला ०.००१ मोलर लागेल, कारण ०.२५ मिलिमोलर कॅल्शियमच्या ५ मि.लि. नमुन्याला त्याचे १.२५ मि.लि. लागतात. सहा नमुने काढले की ३० मि.लि. गेले, २०० मधले १५ टक्के. आकारमानाची दुरुस्ती केल्याशिवाय आलेख काढू नका. उतार पहिल्या अर्ध्या तासातला घ्या, सुरुवातीची ती दहा मिनिटं वगळून. तोपर्यंत फीड ८-९ टक्केच उतरलेलं असतं, रेषा सरळ असते.

साखळी_विज्ञान :
इडीटीएऐवजी कंडक्टिव्हिटी मीटर लावून सलग नोंद घेतली तर?

समतोल :
अदलाबदल मोजायला तो निरुपयोगी, गळती पकडायला उत्तम. कॅल्शियमची इक्विव्हॅलेंट वाहकता ५९.५ आणि सोडियमची ५०.१. एकाच्या जागी दुसरा आला तर फीडची वाहकता किंचित उतरते, एवढंच. ती चढायला लागली तर त्याला कारण एकच : पलीकडचं मीठ क्लोराइडसकट इकडे येतंय. फीडच्या कप्प्यात इलेक्ट्रोड बुडवून ठेवा आणि चढाव दिसला की क्लोराइड मोहर पद्धतीने (सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनने) पक्का करा, पीएच ७ ते १० मध्ये ठेवून.

स्ट्रिपच्या आकारमानावरही नजर ठेवा. ऑस्मोसिसने पाणी फीडकडून तिकडे जातं. लांबच्या प्रयोगात कप्प्यावर खूण करून ठेवली तर फरक डोळ्यांना दिसतो.

बार्देशी :
लोहाचं राहिलं. खाणीच्या खंदकांतलं पाणी घेऊन तीन प्रभारांचा आयन दाखवता येईल का? डिचोली, सांगे भागात पाणी मिळायला अडचण नाही.

फोंडा_लॅब :
त्या पाण्यातून ते दाखवता येणार नाही. लाल पाण्यात लोह आहे ते बारीक कणांच्या रूपात, मोकळ्या आयनाच्या नाही. फेरिक आयन विद्राव्य राहायला पीएच २ च्या आसपास किंवा खाली लागतो, वर गेलात की हायड्रॉक्साइड होऊन बसतो. विहिरीतून नुकतंच काढलेलं पाणी स्वच्छ दिसतं आणि कळशीत लाल होतं, त्यात सुरुवातीला फेरस, म्हणजे दोनच प्रभार असतात. खंदकाचं पाणी गाळल्याशिवाय सेलमध्ये घातलं तर मेम्ब्रेनवर गेरूचा थर बसेल, बाकी काही नाही.

तीन प्रभारच दाखवायचे असतील तर फेरिक क्लोराइड ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात बनवा, लोह १ मिलिमोलर. पण मग फीडमध्ये हायड्रोजन आयन आला, आणि तो सगळ्यांत जलद. दोन्ही बाजूंना आम्लाचं प्रमाण सारखं ठेवलंत तरी स्ट्रिपमधल्या सोडियमशी अदलाबदल करायला तोच पुढे धावेल आणि लोह मागे राहील. म्हणून स्ट्रिपमध्ये सोडियम घालूच नका, नुसतं ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. हायड्रोजनचं गुणोत्तर सुरुवातीला २० आहे, लोहासाठी त्याचा घन, ८,०००. कागदावर ओढ जबरदस्त, प्रत्यक्षात मेम्ब्रेन पिवळं-तपकिरी होतं आणि लोह आतच अडकून राहतं. स्ट्रिपमध्ये थोडंच उतरतं. या धाग्याचा मथळा डोळ्यांनी बघायचा असेल तर हाच प्रयोग करा.

नंतर मेम्ब्रेन साफ करायला मीठ पुरत नाही. १ ते २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, दोन-तीनदा बदलून. क्लोराइड लोहाशी संकुल बांधतो आणि त्याचा मोकळा प्रभार कमी करतो, म्हणून तो सुटतो. डाग राहिला तर ऑक्झॅलिक आम्ल.

वेर्णा_प्रोसेस :
हेच संकुल अॅनायन मेम्ब्रेनमध्ये (धन प्रभार चिकटलेलं, ऋण आयन जाऊ देणारं मेम्ब्रेन) उलटं अंगावर येतं. पोलाद पिकलिंगच्या (आम्लाने गंज काढण्याच्या) वापरलेल्या आम्लातून आम्ल परत मिळवायला डिफ्यूजन डायलिसिस वापरतात : एका बाजूला वापरलेलं आम्ल, दुसऱ्या बाजूने साधं पाणी, मध्ये अॅनायन मेम्ब्रेन. क्लोराइड सहज जातो. हायड्रोजन धन असूनही लहान आणि चपळ म्हणून त्याच्याबरोबर निसटतो. फेरस लोह दोन धन प्रभारांमुळे मागे राहतं. ८० ते ९० टक्के आम्ल परत मिळतं. पण हवेने लोह फेरिक झालं आणि क्लोराइड भरपूर असेल, तर चार क्लोराइड धरून ते ऋण आयन होतं आणि मेम्ब्रेन त्याला आपला म्हणून आत घेतं. गॅल्व्हनायझिंगमधल्या जस्ताचंही तेच, किंबहुना जास्तच. आवर्तसारणीत बघून प्रभार ठरवू नका, त्या द्रावणात तो आयन कोणत्या रूपात आहे ते बघा. सल्फ्युरिक आम्लात ही अडचण कमी, मात्र सल्फेट मुळात हळू असल्याने क्षेत्रफळ जास्त लागतं.

अॅनायन मेम्ब्रेनबद्दल आणखी दोन गोष्टी. नायट्रेट आणि क्लोराइड दोघांवर एकच प्रभार, तरी बहुतेक मेम्ब्रेन नायट्रेटला जास्त घेतात, कारण त्याचं पाण्याचं कवच सैल असतं. आणि खाजनातलं तपकिरी, कुजट पाणी अॅनायन मेम्ब्रेनला लावू नका. त्यातले ह्युमिक रेणू मोठे आणि ऋण असतात, आत शिरतात आणि निघत नाहीत.

पेडण्याचं_आगर :
स्ट्रिपसाठी आगरवाडोच्या मिठागरातलं मीठ वापरावं का? आणि मीठ काढून उरणारं कडवट पाणी, बिटर्न, त्यातला मॅग्नेशियम या पद्धतीने वेगळा होईल का?

समतोल :
मीठ : मोजमापाच्या प्रयोगात नको. आगरातल्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि सल्फेट असतात. स्ट्रिपमध्येच मॅग्नेशियम असला की कठीणपणाचा समतोल वर सरकतो. शुद्ध मिठाचा एक मोठा फायदा असा की फीडमधले सल्फेट आणि बायकार्बोनेट ऋण असल्याने पलीकडे येत नाहीत, त्यामुळे स्ट्रिपमध्ये कॅल्शियम साठला तरी क्षार बसत नाही. सल्फेटवालं मीठ घातलंत तर तो फायदा गेला. जिप्समची विद्राव्यता लिटरला अडीच ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे १५ मिलिमोलरच्याही खाली. थोडी स्ट्रिप परत परत वापरली की ती मर्यादा पटकन गाठली जाते. ढोबळ प्रात्यक्षिक असेल तर चालेल.

बिटर्न : तिथे ही पद्धत चालणार नाही. वरचे शंभरपट तीव्रतेचे आकडे बघा. इतक्या दाट पाण्यात दोन प्रभारांची ओढ ओसरलेली असते, क्लोराइड मोकाट आत शिरतो, आणि वेगाचा ताबा मेम्ब्रेनकडे जातो, जिथे मॅग्नेशियम मंद. समुद्राच्या पाण्यातच सोडियम सुमारे ०.४७ मोलर आणि मॅग्नेशियम ०.०५३ मोलर असतो, बिटर्न त्याहून कैक पटींनी दाट.

जपानने १९७२ मध्ये खाण्याच्या मिठासाठी मिठागरं सोडून इलेक्ट्रोडायलिसिस घेतलं. तिथे उलटी गरज होती : सोडियम यावा, मॅग्नेशियम-कॅल्शियम येऊ नयेत. त्यासाठी कॅटायन मेम्ब्रेनवर धन प्रभाराचा अगदी पातळ थर देतात. तो सोडियमला थोडा आणि दोन प्रभारांच्या आयनाला कितीतरी जास्त परतवतो. असलं मेम्ब्रेन चुकून डोनन डायलिसिसला घेतलं तर कॅल्शियम जागचा हलणार नाही. विकत घेताना 'एकप्रभारी निवडक' असं लिहिलेलं टाळा. आपल्याकडे या मेम्ब्रेनवर भावनगरच्या मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत बरंच काम चालतं.

खाजनकाठ :
घरगुती वापराबद्दल विचारणा होतेच, म्हणून हिशेब मांडून ठेवतो. थराच्या ताब्यात चौरस मीटरमागे तासाला सुमारे २८ लिटर पाण्यातला कॅल्शियम निघण्याएवढी क्षमता येते. कठीणपणा २५० वरून ५० वर आणायला त्याला १.६ ने (२५०/५० चा नैसर्गिक लॉगॅरिदम) भागायचं. दिवसाला २०० लिटर, आठ तासांत, म्हणजे तासाला २५ लिटर. त्याला साधारण १.४ चौ.मी. मेम्ब्रेन लागेल. एवढ्या पाण्यासाठी रेझिनचा साधा सॉफ्टनर स्वस्त आणि सोपा. शिवाय दोन्हींत पाणी खारटच राहतं, कॅल्शियम जाऊन सोडियम येतो. मचूळपणा यातून जात नाही, हे विहीरमालकांना आधीच सांगितलेलं बरं.

फोंडा_लॅब :
ठेवणीबद्दल एक. पावसाळ्यात मेम्ब्रेनवर बुरशी आणि शेवाळ धरतं. ०.५ मोलर मिठात, अंधाऱ्या कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दीर्घकाळ ठेवायचं असेल तर ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालतात. ते विषारी आहे, आम्लाशी गाठ पडली तर विषारी वायू निघतो, आणि तांब्या-शिशाच्या नळांत ओतायचं नाही. वर लोह काढायला आम्ल सांगितलं आहे, म्हणून मुद्दाम लिहितो : अझाइडमधलं मेम्ब्रेन आधी मिठाच्या पाण्याने तीनदा धुवा, मगच आम्लाला हात लावा.